आधी रंग कुणाच्या मेंढीला?

भूम तालुक्यातल्या आमच्या मेंढी प्रकल्पावर माणसं मोजून चार, पण किस्से इतके की बास! लेंड्या रोज उचलून होतात, किस्से मात्र साठतच जातात.

प्रकल्प तसा सोपा आहे. मेंढी वयात येते तेव्हा तिच्या मेंदूतली काही जनुकं जागी होतात. खुराक दिला तर ती लवकर जागी होतात का, ते बघायचं. एका कप्प्यातल्या माद्यांना मक्याचा भरडा आणि पेंड, दुसऱ्यातल्यांना नुसता चारा. ही वाटणी मी बाळंतपणाच्या रजेवर असताना झाली. माझ्या जोडीला काम करणाऱ्या पल्लवीला भरडा, मला चारा! वर प्रकल्पाच्या प्रमुख सरांनी जाहीर केलं, "ज्यांच्या कप्प्यात आधी रंग लागेल, त्यांनी पुण्याच्या परिषदेत पेपर वाचायचा."

रंग म्हणजे, नसबंदी केलेल्या नराच्या छातीला लाल रंग फासून त्याला कप्प्यात सोडतात. जी मेंढी वयात आली, तिच्यावर तो चढतो आणि तिच्या मागच्या अंगाला तो रंग लागतो.

*

सर राखणदार नामदेवमामांना जनुकं समजावत होते. "मामा, बल्ब घरात पहिल्यापासून असतोच. लाईट कधी येते, तेवढं आपण बघतोय."

मामा म्हणाले, "मग हितं आपल्याकडं कुणी वयातच यायचं न्हाय, सर!"

*

पल्लवीचं लग्न व्हायचंय. रात्रभर झोपते, मॅचिंग क्लिप लावून येते. तिच्या मेंढ्या टम्म! माझी दहा महिन्यांची लेक वरणभात थुंकते आणि मी वजनकाटा बघून घाबरते. एकदा न राहवून म्हटलं, "पल्लवी, थोडा भरडा दे ना."

"ताई, प्रयोग बिघडेल!"

"अगं, मेंढ्यांना नको, माझ्या पोरीला!"

*

तो नरसुद्धा सदा पल्लवीच्याच कुंपणाशी. एक दिवस मी त्याला माझ्या कप्प्यात कोंडलाच. तर हा गव्हाणीत तोंड घालून माझ्याच मेंढ्यांचा चारा खात बसला.

"असू द्या, ताई," मामा म्हणाले, "सासुरवाडीला आलाय, जेवूनच जाईल!"

*

दुपारी सासूबाई लेकीला पाजायला घेऊन येतात. मी त्यांना आत्या म्हणते. "लागला का गं रंग?" हे रोजचं. एका गुरुवारी मी पाजता पाजता रडलेच. "पल्लवीच जाणार पुण्याला, आत्या. माझं कुठं नशीब!"

शुक्रवारी मी रक्ताचे नमुने घेऊन धाराशिवला गेले. शनिवारी सकाळी फाटकातच मामा ओरडले, "ताई, रंग! आपल्या कप्प्यात!"

माझ्या सगळ्यांत रोड मेंढीचं मागचं अंग लालभडक! सर तर नाचायचेच बाकी. "खुराक नसताना आधी? सगळं उलटंच निघालं की!" पल्लवी म्हणाली, "अभिनंदन, ताई." तिची क्लिप वाकडी झाली होती. मला इतकं बरं वाटलं, की लाज वाटायचीसुद्धा राहून गेली.

दुपारी सर पुण्याच्या साहेबांना फोनवर तेच सांगत होते. तेवढ्यात लेकीला कडेवर घेऊन आत्या आल्या. मी लांबूनच ओरडले, "आत्या, रंग लागला!"

आत्या थेट त्या मेंढीपाशी गेल्या आणि हात जोडले.

"काल तू न्हवतीस, तवा म्या हिची पूजा केली. गाईला मागून कुंकू लावत्यात, तसंच हिलाबी लावलं. चांगलं वंजळभर! बघ, लगेच गुण आला का न्हाय?"