मी परत घातलेली नावं

आमचा क्लास कसा वाढला, हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. सत्कारात सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं, औशाच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. पण सांगता सांगता नांदेडचा रविवार जवळ आला की मी चहा मागवायचो, नाहीतर चष्मा पुसायला घ्यायचो आणि तिथून थेट पुढच्या वर्षाच्या निकालावर उडी मारायचो. आमच्या घरात आजही असंच समजतात, की तो रविवार माझ्या सुनेच्या चुकीने वाया गेला. तसं नव्हतं. मी आहे तोवर ते लिहून ठेवलेलं बरं.

ती नांदेडची. आईवडील दोघेही शिक्षक. संगणकाची इंजिनिअर होऊन ती आमच्या लातूरच्या घरात आली, तेव्हा माझा मुलगा क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मी शाळेतून निवृत्त होऊन बाहेरच्या टेबलावर बसायचो. चौकशीला आलेल्या पालकांचे फॉर्म भरून घ्यायचो. त्या काळात लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. भिंतींवर, विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर गुणवंतांचे फोटो. मुरुडपासून देगलूरपर्यंतचे पालक पोराला इथं खोली करून द्यायचे आणि गावी परत जायचे. त्यांना इथलं कळावं आणि नवेही यावेत म्हणून मुलाने ईमेल पाठवायला सुरुवात केली होती. लाल अक्षरं, ओळीने उद्गारचिन्हं, "यशाची हमी", "आजच या". ते जवळजवळ कोणालाच दिसत नसत. सगळे स्पॅममध्ये, म्हणजे नको असलेल्या टपालाच्या अडगळीत जाऊन पडत. एका पालकाने तर तोंडावर सांगितलं, "सर, तुमचं पत्र घावलं बरं का. लॉटरी लागल्याच्या पत्राच्या शेजारीच होतं."

सुनेने ते काम मागून घेतलं. त्या दिवशीचं नवराबायकोचं बोलणं मला आठवतं.

"अहो, हे पत्र तुम्हाला आलं असतं तर उघडलं असतं का?"

"मी कशाला उघडू? आत काय आहे ते मला माहीत आहे."

"पालकांनाही तेच माहीत आहे," ती म्हणाली.

सुरुवातीला तिने एकही पत्र पाठवलं नाही. पत्र खरोखर आमच्याकडूनच निघालं आहे, आमचं नाव लावून दुसऱ्याच कोणी टाकलेलं नाही, हे ईमेलच्या मोठ्या कंपन्यांना तपासता यावं अशा नोंदी तिने आमच्या वेबसाइटच्या नावाखाली करून घेतल्या. मग थोड्याच पालकांना पत्रं, पुढच्या आठवड्यात थोडी जास्त. मुलगा घाई करायचा. ती म्हणायची, "नवीन भाडेकरूने पहिल्याच दिवशी अख्खी गल्ली जेवायला बोलावली तर लोक जेवतील का संशय घेतील?"

फॉर्मवर पत्ता लिहिला म्हणून ती कोणाला यादीत घेत नसे. आधी एक छोटं पत्र जायचं: आमची पत्रं हवी असतील तर इथे दाबा. दाबलं तरच नाव आत. आणि प्रत्येक पत्राच्या अगदी वर लिहिलेलं असायचं, की नको असेल तर इथे दाबा. मला ते फार खटकलं.

"अगं, दुकानाच्या दारावरच 'बाहेर जा' लिहितं का कोणी?"

"नाना, दार दिसलं नाही तर माणूस आतून ओरडतो. इथं ओरडणं म्हणजे स्पॅमचं बटण. ते थोड्या लोकांनी दाबलं तरी कंपनी बाकीच्यांकडेही आपल्याला जाऊ देत नाही."

विषयाच्या ओळीबद्दल तिचा नियम कडक होता: विषयात जे लिहिलं तेच आत असलं पाहिजे. वेगळं निघालं की माणूस पुढचं पत्र उघडत नाही. दर गुरुवारी तिचं पत्र जायचं, 'या आठवड्याच्या चाचणीत मुलांचं काय चुकलं'. आत खरोखर तेच असायचं, साध्या मराठीत. मुखेडच्या एका पालकाने उत्तर पाठवलं, "काय चुकलं ते कळलं. बरोबर काय तेबी लिव्हा." पुढच्या गुरुवारपासून तिने गणितं सोडवून द्यायला सुरुवात केली. एका आईने विचारलं, की पोराचा खोकला गेला का. ही दुपारच्या उन्हात त्याच्या खोलीवर जाऊन बघून आली आणि मग उत्तर लिहिलं. शाळेत मी आयुष्यभर पालकसभा घेतल्या. पण पालक आपण होऊन बोलतात, हे मी या पत्रांत पहिल्यांदा पाहिलं.

प्रत्येक पत्र आधी नांदेडला तिच्या आईला जायचं. मग फोन. "आई, कुठं पडलं बघ." फोनमधून आवाज यायचा, "बरोबर जागी पडलंय. पण लई लांब लिहितीस गं तू." मग ती दोन ओळी कापायची.

हे सगळं मला पटत गेलं. एक गोष्ट मात्र पटली नाही. ज्यांनी बरेच महिने एकही पत्र उघडलं नाही त्यांना ती एकदा विचारायची आणि उत्तर नाही आलं की नाव गाळायची. त्यात पुष्कळ खेड्यांतले पालक होते. परीक्षेचा फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्याने त्यांना ईमेलचा पत्ता काढून दिलेला असे आणि त्याचा पासवर्ड त्या कॅफेवाल्यालाही आठवत नसे. ती म्हणायची, "नाना, त्या घरात कोणी राहतच नाही. रिकाम्या घरांत पत्रं टाकत राहिलो तर टाकणाऱ्यावरच संशय येतो."

आमच्याकडे लग्नात गावाला चूलबंद आवतण देतात. म्हणजे त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. येणारा येवो न येवो, वगळायचं कोणाला नाही. वगळलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो. मी त्यातच वाढलेला. शिवाय भूकंपानंतर मी औसा तालुक्यातल्या एका गावात मदतवाटपाच्या कामावर होतो. नाव पुकारायचं, 'हाजर' आलं नाही की रेघ मारायची, असा हुकूम होता. एकाच्या नावावर मी रेघ मारली. तो सोलापूरच्या दवाखान्यात बायकोजवळ बसला होता. परत आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "गुर्जी, मी हाय की अजून."

हे दोन्ही खरं आहे. पण माझ्या हातून जे झालं त्याला हेच कारण होतं, असं लिहिलं तर ते अर्धंच होईल. घरात मी मोठा असताना कोणाचं नाव ठेवायचं आणि कोणाचं काढायचं हे सुनेने ठरवावं, हेही मला सलत होतं. भूकंपाचं कारण मी स्वतःला पुष्कळ नंतर दिलं.

तिला नांदेडला शाखा काढायची होती. स्वतःची, स्वतः चालवायची. तिने वर्षभर त्याचीच तयारी केली होती. मुलाने अट घातली: नांदेडच्या बाजूच्या पालकांसाठी एका रविवारी मोफत मार्गदर्शन ठेवायचं, हॉल भरला तर शाखा तिची. पहिलं पत्र गुरुवारी जाणार होतं, येणार का ते विचारणारं. दुसरं पुढच्या गुरुवारी, हॉलचा पत्ता आणि वेळ सांगणारं. दोन्ही लिहून, वेळ लावून ती हॉलच्या तयारीसाठी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "नाना, यादीत आता काही करायचं नाही हं." यादीचा पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता, कारण नवीन नावं मी भरायचो.

बुधवारी दुपारी क्लासमध्ये कोणी नव्हतं. मी बसलो आणि तिने गाळलेली त्या बाजूची सगळी नावं परत घातली. ज्यांनी कधीच होकार दिला नव्हता, नुसतीच चौकशी करून गेले होते, तीही घातली. लोह्याची, कंधारची, भोकरची. हॉल भरेल, पोरीला शाखा मिळेल आणि मग मी हळूच सांगेन की माणसं कोणी आणली, असं माझ्या मनात होतं.

रविवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, फळ्यावर तिच्या वडिलांच्या सुरेख अक्षरांत 'स्वागत', मोठ्या पातेल्यात चहा. लातूरहून मी आणि मुलगा आलो होतो, तिचे आईवडील होते, शेजारचे काही लोक होते. वेळ होऊन गेली तरी बाहेरून येणारं कोणी दिसेना. लोह्याचे एक गृहस्थ तेवढे आले, तेही क्लासला फोन करून पत्ता विचारला म्हणून. त्यांनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, तुमचं दुसरं पत्र स्पॅममध्ये पडलंय की. मी फोन केला नसता तर घरीच बसलो असतो."

"पण माझ्याकडं तर नीट आलं!" तिची आई म्हणाली.

"तुझ्याकडं येणारच, आई. तू माझं सगळं उघडतेस."

ती कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली. मुलगा तिच्या डोक्यावर उभा.

"पहिल्या पत्रातली कितीतरी परत आलीत," ती सावकाश म्हणाली. "आणि पुष्कळांनी स्पॅमचं बटण दाबलंय. म्हणून दुसरं कोणालाच नीट गेलं नाही."

"तूच म्हणायचीस ना, मागितल्याशिवाय कोणाला पाठवत नाही? मग बटण दाबलं कोणी? रिकाम्या खुर्च्यांनी?"

ती यादी वरून खाली बघत गेली. मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी काही बोलेन म्हणून ती थांबली होती. मी कपातला चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"पाठवण्याआधी यादी मी परत बघायला पाहिजे होती," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी चूक झाली."

"जाऊ दे. नांदेडची शाखा काही ईमेलवर उभी राहायची नाही."

ती उठली आणि वडिलांबरोबर खुर्च्या आवरायला लागली.

पुढच्या वर्षी नांदेडला शाखा निघाली. मुलाच्या एका मित्राने ती चालवली, मोठमोठे फलक लावून. सून मात्र त्या रविवारनंतर लगेच कामाला लागली होती. आमच्या क्लासचं ईमेलमधलं नाव खराब झालं होतं, ते तिने दुरुस्त करायला घेतलं. जे पालक नेमाने वाचायचे त्यांनाच आधी पत्रं, थोडी थोडी. मग हळूहळू बाकीच्यांना. तक्रार करणाऱ्यांना तिने एकेकाला वेगळं उत्तर लिहून माफी मागितली. माझ्या चुकीची माफी ती मागत होती आणि मी समोरच्या टेबलावर बसून फॉर्म भरत होतो. पावसाळा संपेपर्यंत पत्रं परत जागेवर पडायला लागली. मी एकदा धीर करून म्हटलं, "तो पासवर्ड बदलून टाक ना." ती म्हणाली, "कशाला? नावं तुम्हीच भरता ना, नाना. तुमच्याकडंच राहू द्या." लातूर सोडेपर्यंत तिने तो बदलला नाही.

आता ती दोघं पुण्याला असतात. तिथल्या एका कंपनीत ती हेच काम करते आणि तिच्या हाताखाली माणसं आहेत. हे छापून आलं तर ती वाचेल. पण सगळ्यांना पाठवलेलं पत्र म्हणजे तिला पाठवलेलं पत्र नव्हे, हेही तिनेच मला शिकवलं.

म्हणून मी तिला ईमेल लिहायला बसतो. विषयात जे लिहिलं तेच आत असलं पाहिजे, हा तिचा नियम माझ्या अंगवळणी पडला आहे. विषयात 'लोणचं' लिहिलं की आत लोणच्याबद्दलच लिहितो, 'डोळ्याची तपासणी' लिहिलं की डोळ्याबद्दलच. काल विषयात 'नांदेडचा रविवार' असं लिहिलं. आत 'पोरी' इथपर्यंत आलो. मग विषय पुसला, 'तूरडाळ' असं लिहिलं आणि यंदाची डाळ चांगली निघाली आहे, ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो, एवढं कळवलं.

तिचं उत्तर लगेच आलं. "पोचलं, नाना. अजून काही लिहायचं होतं का?"