उरलेल्या रंगांचं घर

रंगारीकाकांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं एकरंगी करून दिली आणि स्वतःचं मात्र गोधडी करून ठेवलं. कुठलंही काम संपलं की डब्याच्या बुडाशी थोडा रंग उरायचाच. फेकायला जीव होत नसे. मग तो घरी यायचा आणि एखाद्या भिंतीवर चढायचा. बाहेरच्या खोलीत दातांच्या दवाखान्याचा हिरवा, स्वयंपाकघरात शाळेचा पिवळा, मोरीच्या दाराला बेकरीचा लाल. चौतीस वर्षं हेच. कोणी घरी आलं की काका बोट ठेवून सांगणार, "ही बेकरी. मालक तिरसट, पण रोज गरम पाव हातावर ठेवायचा."

आता हे घर विकायचं होतं. दुसरा मजला, अडतीस पायऱ्या, आणि काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. भाजी आणायला म्हणून खाली उतरल्या की परत वर यायचं म्हणजे अंगावर काटा. काकूंच्या थोरल्या बहिणीच्या शेजारी तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. पण तिथला मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. राहिले होते बारा दिवस.

चार गिऱ्हाइकं येऊन गेली होती. पुन्हा कोणी फिरकलं नाही. शेवटी दलालबाईंनी काकांना समोर बसवलं.

"काका, घरात खोट नाही. तुमच्या तोंडात आहे."

"मी काय केलं?"

"परवाच्या माणसाला स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीची ओल कोणी दाखवली?"

"आहे ती ओल. मग दाखवायची नाही?"

"विचारलं तर सांगा ना! हाताला धरून न्यायचं होतं का त्याला?" मग बाई बोटांवर मोजत सुटल्या. "माळ्यावरचे रिकामे डबे भंगारात घाला. नळ गळतोय, वॉशर बदला. दाराला तेल. खिडक्या पुसा, उजेड येऊ दे. फोटो उतरवा. भिंती सगळ्या पांढऱ्या. आणि गिऱ्हाईक आलं की तुम्ही दोघं घराबाहेर."

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कारण हेच भाषण काका आयुष्यभर लोकांना देत आले होते. 'विकायचंय ना? मग पांढरा मारा. घेणाऱ्याला त्यात त्याचं घर दिसलं पाहिजे, तुमचं नाही.'

दुसऱ्या दिवसापासून काका कामाला लागले. डबे गेले, नळ गप्प झाला. हिरवा गेला, पिवळा गेला. बेकरीचा लाल तीन हात मारले तरी डोकावत होता. तिरसट माणसाचा रंग, दुसरं काय.

मग झोपायची खोली. पत्र्याच्या पट्टीने खरवडता खरवडता आकाशी निघाला, त्याच्याखाली करडा, आणि अगदी आत गुलाबी. ओघळ सुकलेले, ब्रश कुठूनही कुठेही फिरवलेला. काकांचा हात थांबला. लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा ते कामावर गेलेले असताना काकूंनी गुपचूप रंगवलेली भिंत ती. संध्याकाळी येऊन काका पोट धरून हसले होते, आणि रविवारी त्यावर स्वतः नीट हात मारला होता.

खाटेवरून काकू म्हणाल्या, "बघत काय बसलात? तेव्हा पुसलात, आताही पुसा."

"तेव्हा चुकलंच माझं."

"हे सांगायला चौतीस वर्षं लागली होय?"

सुटा रंग खरवडल्याशिवाय वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. त्या भिंतीवर त्यांनी तो मोडला. गुलाबी तसाच ठेवला, त्यावर अलगद लांबी फिरवली आणि पांढरा मारला.

उरले तीन दिवस, तेव्हा एक तरुण जोडपं आलं. काका-काकू सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसले. काकूंनी दोन्ही गुडघे धरले होते. वरून पावलं वाजत होती, दारं उघडत होती. कुठलं दार कुठलं, काकांना आवाजावरून कळत होतं.

खाली आल्यावर ती मुलगी म्हणाली, "काकू, घर आवडलं हो! उजेड किती आहे. फक्त पांढरं फार झालंय. तुमच्या ओळखीत कोणी रंगारी आहे का?"

काकूंनी कोपराने ढोसलं. "हे काय, इथेच बसलेत."

काका उठले. दलालबाईंनी डोळे वटारले, पण तोवर उशीर झाला होता.

"काम करीन. पण मागच्या भिंतीला ओल येते, बरं का. दर वर्षी खरवडून लांबी भरावी लागते. आत्ता मी झाकलीय, म्हणून दिसत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. काकूंनी मान खाली घातली. तीन दिवस, आणि हा माणूस!

मुलीच्या नवऱ्याने काकांकडे नीट बघितलं. "दर वर्षी तुम्ही येणार का ती करायला?"

"बोलावलंत तर येईन. पैसे नकोत त्या भिंतीचे."

"मग ठरलं."

जोडपं गेल्यावर काका जिन्याकडे बघत उभे राहिले. काकू त्यांच्या हाताला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी सुटले. अडतीस पायऱ्या आता तुमच्या एकट्याच्या नशिबी."