हर्लीसाठी व्हिसा

देसई गावच्या पोपट भोईरांना हर्लिंग नावाच्या आयर्लंडच्या खेळाचं वेड होतं. हे वेड खरं की खोटं, असा प्रश्न वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांना कुणी विचारला नव्हता.

वेड लागलं ते अबुधाबीत. तिथे एका शाळेची बस त्यांनी एकोणीस वर्षं चालवली. शाळेत आयरिश शिक्षक भरपूर. त्यांचा एक क्लब होता आणि शुक्रवारी त्यांना मैदानावर नेणं ही पोपटची ड्यूटी. पहिल्या दिवशी ते बसमध्येच झोपले. दुसऱ्या शुक्रवारी खाली उतरले, तर पंधरा-पंधरा माणसं हातात चपट्या टोकाचे दांडके घेऊन हवेतला चेंडू फटकावत होती. पोपट लहानपणी विटी-दांडूत अख्ख्या देसईला भारी होते. दांडक्याच्या पात्यावर चेंडू झेलून धावणारा माणूस पाहिला आणि त्यांच्या हाताला खाज सुटली.

त्या दांडक्याला हर्ली म्हणतात. ती तुटते, सारखी तुटते. पोपटनी एका फुटक्या हर्लीला पत्र्याची पट्टी मारून दिली, तेव्हापासून सगळ्यांच्या हर्ल्या त्यांच्याकडे यायला लागल्या. क्लबची नोरा नावाची शिक्षिका त्यांना नियम समजावून सांगायची. चेंडू जमिनीवरून थेट हाताने उचलायचा नाही. हातात घेतला तर चार पावलांपेक्षा जास्त धावायचं नाही. गोलच्या आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक गुण, खाली जाळ्यात गेला तर तीन.

नोकरी संपवून पोपट गावी आले त्याला सहा वर्षं झाली होती. नोराही आपल्या गावी परतली होती. दर रविवारी संध्याकाळी नोरा तिच्या गावच्या सामन्याची लिंक पाठवायची आणि पोपट ओट्यावर खुर्ची टाकून, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसायचे. कॅमेरा एकच, तोही कुणाच्या तरी हातातला, थरथरणारा. तरी त्या वेळात पोपटना हाक मारायची सोय नव्हती.

"एकदा तरी डोल्यांनी बघायचा," ते नंदाला, बायकोला म्हणायचे. मागच्या वर्षी त्यांनी व्हिसासाठी अर्ज केला. नाकारला गेला. कागदावर एकच कारण होतं: भेटीचा हेतू पटण्यासारखा नाही.

ते वाक्य मुलाने, दर्शनने, मराठीत करून सांगितलं. दोन दिवसांनी जेवताना पोपट एकदम म्हणाले, "म्हंजे मी खोटा बोलतंय."

या वर्षी जुलैत त्यांनी पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. दर्शन त्यांना कल्याणला त्र्यंबक नावाच्या एजंटकडे घेऊन गेला. त्र्यंबकने फाइल चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काका, हा खेळाचा विषय काढून टाका. पर्यटन लिहू. किल्ले, समुद्र, चर्च. दोन-तीन हॉटेलांची बुकिंगं लावतो, नंतर कॅन्सल करू. देसईचा माणूस आयर्लंडच्या एका खेड्यातली मॅच बघायला चाललाय, हे मला पटत नाही, त्यांना काय पटणार?"

"मी हॉटेलात राहनार नाय. नोराकडं राहनार हाय."

"ते मला माहितीये हो. कागदाला काय कळतंय?"

"कागदाला नाय कलत, पन मना कलतंय," पोपट म्हणाले आणि फाइल काखेत मारून उठले. रिक्षात दर्शन चिडला. "बाबा, तो रोजची वीस कामं करतो. त्याला कळतं काय चालतं ते."

"खेल बघायला चाललोय तर तसाच लिव," एवढंच उत्तर मिळालं.

दर्शनने तसंच लिहिलं. फाइल दिल्लीला गेली आणि वाट पाहणं सुरू झालं. इकडे व्हिसा अडकलेला आणि तिकडे नोराच्या गावचा संघ चक्क जिंकत सुटला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जिल्ह्याची उपांत्य फेरी गाठली. पोपटना आनंद होईना धड आणि झोप लागेना धड. संघ हरला तर मोसम संपला. जिंकत राहिला आणि व्हिसा आला नाही, तर ती चुटपुट जन्मभराची.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी ते ठाण्याहून परत येत होते. रिक्षा शीळफाट्याला ट्रेलरच्या रांगेत अडकली असताना फोन वाजला. दिल्लीचा नंबर.

"मिस्टर पोपट भोईर? व्हिसा कार्यालयातून बोलतेय. दोन मिनिटं बोलू शकता?" बाई हिंदीत बोलत होती, आवाज सभ्य आणि कोरडा.

मागे हॉर्नचा कल्लोळ. पोपट रिक्षातून उतरले आणि एका टायरवाल्याच्या दुकानामागे भिंतीला चिकटून उभे राहिले. एक कान बोटाने बंद केला.

"तुम्ही लिहिलंय की तुम्ही या खेळाचे चाहते आहात. गेल्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद कुणी जिंकलं?"

पोपटना माहीत होतं. ओट्यावर बसून अख्खा सामना पाहिलेला. पण डोळ्यांसमोर जर्सीचा रंग आला, कप्तानाचं डोक्यावरचं हेल्मेट आलं, जिंकलेल्या जिल्ह्याचं नाव काही येईना. घाईत एक नाव तोंडातून निघालं आणि निघताक्षणी कळलं की चुकलं.

पलीकडे कळफलकाचा आवाज आला.

"तुमच्या आवडत्या खेळाडूचं नाव?"

"मॅडम, मना नावं ध्यानात नाय राहत. मी हातावरून वलखतो." आपण हिंदी सोडून आगरीत शिरलो हे लक्षात येऊन त्यांनी स्वतःला सावरलं. "मॅडम, हर्ली कुठे तुटते ते विचारा. जो जमिनीवरचा चेंडू उशिरा मारतो त्याची पात्याच्या टाचेला फुटते. जो दुसऱ्याच्या हर्लीवर हर्ली घालतो त्याची मानेपाशी. मी पट्टी मारायचो. खिळा लाकडाच्या रेषेत मारायचा नाही, नाहीतर चीर आणखी वाढते."

ते बोलत राहिले. ट्रेलर सुटले, रिक्षावाला हाका मारायला लागला, तरी बोलत राहिले. शेवटी बाई म्हणाली, "भोईरजी, तुम्ही सांगताय ते खरं असेल. पण हा खेळ मी कधी पाहिलेला नाही. तुमचं बोलणं मी फाइलला लावू शकत नाही. अबुधाबीतले तुमचे खेळाबरोबरचे फोटो आहेत?"

"फोटो पुष्कळ आहेत."

"तुम्ही असलेले?"

पोपटनी कानातलं बोट काढलं. एकोणीस वर्षांत प्रत्येक सामन्यानंतर संघ ओळीत उभा राहायचा आणि कॅमेरा पोपटच्या हातात यायचा. एकाही फोटोत ते नव्हते.

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत काही पुरावा असेल तर ईमेल करा," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

घरी आल्यावर पोपटनी पाणीसुद्धा घेतलं नाही. नंदाने सगळं ऐकून घेतलं आणि दर्शनला म्हणाली, "त्या नोराला फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव."

"कशाला उगाच," पोपट म्हणाले.

"उगाच? तुमाला कोन खोटा म्हनलेला मना चालायचा नाय."

नोराने ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "दोन दिवस द्या."

बुधवार कोरडा गेला. गुरुवारी दुपारी पहिलं पत्र आलं. पर्थमधल्या एका नर्सचं. तिचा नवरा क्लबचा गोलरक्षक होता. मग डब्लिनहून, मग दोहाहून. दर्शनने रजा टाकली आणि एकेक पत्र मोठ्याने वाचत बसला. कुणी लिहिलं होतं, ड्यूटी संपली तरी हा माणूस सरावाला थांबायचा. कुणी पट्टी मारलेल्या हर्लीचा फोटो पाठवला होता. पोपट भिंतीकडे तोंड करून बसले होते. शुक्रवारी दुपारपर्यंत दहा झाली. अकरावं गणिताच्या एका माजी शिक्षकाचं होतं, आणि ते वाचताना दर्शन अडखळला.

"ही तक्रार आहे बाबा."

"वाच."

"एका सामन्यात आम्ही बारा गुणांनी मागे होतो. पाच मिनिटं उरली होती. मी बदली होऊन बाहेर आलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. एसी लाव म्हटलं. पोपटने लावला नाही. दार उघडून म्हणाला, मॅच चालू आहे, खाली उतर. परतीच्या दोन तासांत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मला अजून त्याचा राग आहे. पण तो चाहता नसेल, तर चाहता कुणाला म्हणतात ते मला सांगा."

"मनाबी हाय राग," पोपट भिंतीकडे बघतच म्हणाले. "टीम खेलत होती आनि हा गार हवा मागत बसला."

"हे पाठवू की नको?"

"आधी हाच पाठव."

अकराही पत्रं साडेचारला गेली. मग सहा दिवस काहीच नाही. दारात मोटरसायकल थांबली की नंदा उठून बघायची. पुढच्या गुरुवारी कुरिअरवाला आला. पोपटनी पासपोर्टची पानं उलटली. व्हिसा होता. नंदाने देवापुढे साखर ठेवली, आणि दर्शनने शुक्रवारी तिकीट काढलं: बुधवारचं विमान, त्यानंतरच्या रविवारी अंतिम सामना.

फक्त मधल्या रविवारची उपांत्य फेरी जिंकायची होती.

त्या संध्याकाळी ओट्यावर घरातली तिघं आणि गल्लीतली आठ-दहा माणसं जमली. नियम कुणालाच माहीत नव्हते, पोपट ओरडले की सगळे ओरडत. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. समोरच्या संघाच्या एका खेळाडूने जवळजवळ मध्यरेषेवरून चेंडू उचलला आणि फटकावला. थरथरता कॅमेरा आकाशात गेला, खाली आला. पंचाने पांढरा झेंडा वर केला. दांड्याच्या वरून. एक गुण.

ओट्यावर सगळे पोपटकडे पाहायला लागले. त्यांनी तांब्याला टेकवलेला मोबाइल उचलून बंद केला. मग माणसं हळूहळू उठून गेली.

"आता?" दर्शनने विचारलं. "अंतिम सामन्यात आपला संघच नाही. तारीख बदलू का? पुढच्या मोसमात जा."

नोराचाही निरोप आला होता: इथे सगळे सुतकात आहेत, तुला दाखवायला काही उरलं नाही, यायचं नसेल तर समजू शकते.

"टीम हरली म्हनून नाय जायाचा?" पोपट म्हणाले. "मंग त्या गनितवाल्यात नि माज्यात फरक काय?"

बुधवारी ते गेले.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. त्या सकाळी नोरा त्यांना गावच्या मैदानावर घेऊन गेली. क्लबच्या तिसऱ्या संघाचा सामना होता, ज्याच्या निकालाची गावातही कुणाला फिकीर नव्हती. पंधरा माणसंसुद्धा जमली नव्हती. तेराच उतरली, त्यातला एक पन्नाशीचा. बघायला पोपट धरून नऊ जण. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. नंदाने बळेच दिलेली कानटोपी पोपटनी घातली होती. मैदान ओलं, हिरवं, आणि मोबाइलवर दिसायचं त्याच्या कितीतरी पट मोठं. हर्लीवर हर्ली आपटल्याचा आवाज छातीत येऊन लागत होता. तो आवाज त्या थरथरत्या कॅमेऱ्यातून सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

अर्ध्या वेळेला नोरा म्हणाली, "आपण नऊ गुणांनी मागे आहोत. थंडी फार आहे, गाडीत बसायचं?"

पोपटनी मान हलवली आणि कुंपणाच्या आणखी जवळ सरकले. खेळ सुरू झाला. पन्नाशीच्या त्या माणसाच्या पायाशी चेंडू आला, तो उचलावा की मारावा या विचारात थबकला, आणि पोपट भोईर कुंपणाला दोन्ही हातांनी धरून बेंबीच्या देठापासून ओरडले,

"अरं बघत काय रायलास? मार!"