ग्लेनच्या वडिलांचं नाव

ग्लेन ऑक्सलीबद्दल आमच्या गावात कुणी वाईट बोलत नाही. वाईट बोलायला माणसाने आधी काहीतरी बोललेलं किंवा केलेलं लागतं, आणि ग्लेन दोन्ही बाबतींत हात राखून आहे. इंग्लंडच्या उत्तरेला, बार्न्सली शहराहून बसने वीस मिनिटांवर आमचं गाव. कोळशाची खाण होती तोवर तो खाणीत होता, खाण गेली आणि तिथे गोदामं आली तेव्हा गोदामात गेला. चाळीस वर्षं त्याच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ती मी केली नाही, उलट जे करायला नको होतं ते केलं. माझं नाव मॉरीन. गावच्या शाळेच्या कचेरीत मी एकतीस वर्षं कारकून होते, आणि सगळ्या गोष्टीचं मूळ त्या कचेरीतच आहे.

दर जुलैत नव्या मुलांची यादी टाइप करून मी शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवायची. चहा पिता पिता कुणीतरी ती मोठ्याने वाचायचं. "दोन डॅरन आणि एक वेन. झालं, गेलं वर्ष!" "हा एडवर्ड कोण? डॉक्टरांचा असणार. त्याला पुढे बसवू." डॅरन-वेन म्हणजे कामगारांची पोरं, एडवर्ड म्हणजे मोठ्या घरचा; पोरांची तोंडंही न बघता निम्मा निकाल लागलेला असायचा. शिक्षक काही दुष्ट नव्हते, थकलेले होते. मीही त्यांच्याबरोबर हसायचे, आणि संध्याकाळी कुंपणावरून ते सगळं तिखटमीठ लावून ट्रेसीला सांगायचे.

ट्रेसी म्हणजे ग्लेनची बायको. तिला त्यात हसू यायचं नाही. सोळाव्या वर्षी ती शहरातल्या एका वकिलाकडे फोन घ्यायच्या कामाला लागली होती. पहिल्याच दिवशी वकीलसाहेब म्हणाले, "ट्रेसी? छे छे, फोनवर हे बरं नाही वाटणार. अशिलांना वाटेल चुकून केस कापायच्या दुकानात फोन लागला. आपण तुम्हाला ॲन म्हणू." तेव्हापासून आठ वर्षं ती तिथे ॲन होती. तिच्या लग्नाला कचेरीतून जे शुभेच्छापत्र आलं, त्यावरही ॲनच लिहिलेलं. ग्लेनने ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ही कोण गं?" ट्रेसी हा किस्सा सांगताना हसायची, पण ते पत्र तिने फाडून चुलीत घातलं होतं, हे मला माहीत आहे.

त्र्याण्णव साली तिला दिवस गेले. त्याच साली आमची खाण बंद होत होती. ग्लेनचे वडील, म्हातारा विल्फ, आदल्या हिवाळ्यात गेले. छातीत कोळशाची धूळ भरलेली. शेवटी शेवटी त्यांना एक वाक्य दोन हप्त्यांत बोलावं लागायचं. त्यांचं पूर्ण नाव विल्फ्रेड. त्यांच्या आजोबांचंही विल्फ्रेडच. ग्लेन जन्मला तेव्हा त्याच्या आईने हट्टाने नव्या धाटणीचं नाव ठेवलं. म्हातारा म्हणाला होता, "बरं, पुढच्याला माझं ठेवू." पुढचा झालाच नाही. दवाखान्यात ग्लेनने बापाचा हात धरून सांगितलं होतं की मुलगा झाला तर विल्फ्रेडच. म्हाताऱ्याने मान हलवली होती. ग्लेनने आयुष्यात कुणाला शब्द दिला असेल तर तो हा एवढाच.

ट्रेसीच्या सातव्या महिन्यापासून भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागलं.

"विल्फ्रेड? अरे, पोर पाळण्यात असतानाच त्याला टोपी घालून खोकायला लावतोस काय?"

"चांगलं नाव आहे. माझ्या बापाचं आहे."

"म्हणूनच नको. नाव काढलं की खाण दिसते. आणि खाण तर मेली! मेलेल्या खाणीचं नाव जिवंत पोराला चिकटवायचं?"

"मग तुझं काय म्हणणं?"

"ह्यूगो."

मग ग्लेन म्हणाला, "ह्यूगो ऑक्सली. खाणवाल्यांच्या क्लबात माणसं खुर्चीवरून पडतील हसून."

"पडू देत. आपल्या पोराला क्लबात बसायचंच नाहीये. तुला नाही कळणार, ग्लेन. तुझं नाव बदलून कुणी दुसरं नाही ठेवलं."

दुसऱ्या दिवशी ग्लेन माझ्या दाराशी आला. आत ये म्हटलं तर आला नाही. पायपुसण्यावर उभा राहून म्हणाला, "मॉरीन, ती तुझं ऐकते. तेवढं समजाव ना तिला. मला बाकी काही नको."

मी म्हटलं, "बघते."

आणि बघितलं ते असं. आमच्याकडे बाळाच्या नावाची नोंद बेचाळीस दिवसांच्या आत करावी लागते. लग्न झालेलं असलं की दोघांपैकी एकजण गेला तरी चालतं. अडतिसाव्या दिवशी दुपारी ट्रेसी बाळाला घेऊन आली आणि म्हणाली, "गाडी काढतेस?" कुठे, हे मी विचारलं नाही. ग्लेन खाणीतल्या शेवटच्या आठवड्याच्या पाळीवर होता. आठवडाभर ट्रेसी नावाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. त्या बापड्याला वाटलं, ती कबूल झाली. तो स्वतः गप्प बसायचा तेव्हा त्याचा अर्थ कायम होकारच असायचा.

नोंदणी कचेरीतल्या बाईंनी पेन उघडून विचारलं, "दोघांचं ठरलंय ना?"

"हो," ट्रेसी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाळाचा मोजा वर ओढत बसले. मला मनापासून वाटत होतं की ट्रेसीचं बरोबर आहे. यादी मीच टाइप करत होते ना. एडवर्ड कुठे बसतो आणि वेन कुठे, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक?

त्याच संध्याकाळी खाणकामगारांच्या क्लबात ग्लेनने बाळाचं डोकं ओलं करायचं ठरवलेलं होतं. म्हणजे बाळ घरीच, बापाने दोस्तांना बिअर पाजायची. हे मला गाडीत परत येताना कळलं, आणि तरी मी गेले, ट्रेसीही आली. ग्लेन कधी नव्हे तो उभा राहिला. कान लाल झालेले. "पोराचं नाव विल्फ्रेड," तो म्हणाला, "विल्फ." आणि खाली बसला. एवढंच भाषण. पण खोलीतली सगळी माणसं उठली. त्यात म्हाताऱ्याबरोबर तीस-तीस वर्षं खाली उतरलेली माणसं होती. "छोट्या विल्फच्या नावाने!" करून त्यांनी ग्लास उंच केले. एक म्हातारा तर बाहीने डोळे पुसत होता. ट्रेसीच्या मांडीवर तिची पर्स होती आणि पर्समध्ये घडी घातलेला दाखला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे.

घरी गेल्यावर तिने त्याला सांगितलं. भांडणाचा आवाज आला नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचा आठवडाभर गावात जो भेटेल तो ग्लेनला हटकायचा, "काय, विल्फ कसा आहे?" आणि ग्लेन प्रत्येकाला थांबून सांगायचा, "ह्यूगो आहे त्याचं नाव." पोस्टात, खाटकाकडे, बसथांब्यावर. मग तो क्लबात जायचाच बंद झाला. मला राहवेना. मी कुंपणाशी गाठून म्हटलं, "वर्षाच्या आत नाव बदलता येतं रे. एक अर्ज असतो, मी आणून देते." तो रुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, वाफ्यात खत घालत होता. मान वर न करता म्हणाला, "कागदावर बदलेल, मॉरीन. तिच्या तोंडात बदलेल का?"

त्याने पोराला कधी ह्यूगो म्हटलं नाही आणि विल्फही म्हटलं नाही. 'पोरा' म्हणायचा. बापाचं नावही त्याने टाकलं. म्हाताऱ्याबद्दल बोलायची वेळ आली तर 'माझा बाप', नाहीतर 'खाणीतले आजोबा'. ट्रेसीच्या तोंडून ते नाव निघायचा प्रश्नच नव्हता. त्या घरातून ते नाव उठलं ते उठलंच.

आणि कबूल करायलाच हवं, ट्रेसीचा हिशेब चुकला नाही. ह्यूगोचं नाव यादीत आलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप खाली ठेवले गेले. "ह्यूगो! हे रत्न आपल्याकडे कसं?" त्याला पुढे बसवलं. गल्लीतल्या पोरांनी त्याला छळछळ छळलं, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणून बायकांनी नाकं मुरडली, पण पोरगं हुशार निघालं. शिकलं, लंडनला गेलं, विम्याच्या कंपनीत कायद्याचं काम बघू लागलं. दर नाताळला घरी यायचा तेव्हा त्याच्या बोलण्यातलं आमचं गाव थोडं कमी झालेलं असायचं. वाईट मुलगा नाही. दर रविवारी आईला फोन करायचा. ट्रेसी रिसीव्हर पुढे करायची आणि ग्लेन हातानेच नको म्हणायचा. काय म्हणून हाक मारायची त्याला?

ह्यूगोची बायको फ्लोरा. तिच्या माहेरी हौसेने पाळलेले घोडे आहेत, यातच सगळं आलं. दोन वर्षांपूर्वी तिला सातवा महिना होता तेव्हा त्यांनी ट्रेसी आणि ग्लेनला आपल्या नव्या घरी राहायला बोलावलं. ग्लेनने बुटांना पॉलिश केलं, वाफ्यातला रुबार्ब वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. तिथे काय घडलं ते ट्रेसीने मला परत आल्यावर सांगितलं, एकदा नाही, तीनदा.

जाताना आगगाडीत ती त्याला म्हणाली होती, "ग्लेन, ते नावाचं विचारतील. त्या दोघांची रोज जुंपते म्हणे. तू सांग. तुझ्या वडिलांचं सांग. मी तुझ्या बाजूने बोलेन."

ग्लेन खिडकीबाहेर बघत राहिला. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाला, "घेतील ते?"

"का नाही? हल्ली म्हाताऱ्यांचीच नावं ठेवतात मोठ्या घरांतून. मी वाचलंय." मग म्हणाली, "माझं चुकलं होतं रे."

अठ्ठावीस वर्षांनी म्हणाली. लंडन येईपर्यंत ग्लेनचे ओठ हलत होते. वाक्य पाठ करत होता बिचारा.

दिवाणखान्यात चहा आला. फ्लोरा सासू-सासऱ्यांना नावानेच हाक मारते, त्यांच्यात तशी रीत आहे. म्हणाली, "ग्लेन, तुम्हीच सोडवा आता. मला मॉन्टी ठेवायचंय आणि हा म्हणतो, मॉन्टी म्हणजे फारच घोडेवाल्यांचं. तुमच्या मनात आहे का काही?"

ग्लेनने कप बशीत ठेवला, घसा साफ केला. "म्हणजे, आमच्या घरात पूर्वीपासून..."

तेवढ्यात बागेचं दार ढकलून चिखलाने भरलेलं एक आठ महिन्यांचं कुत्रं आत आलं आणि थेट त्याच्या पॅंटवर चढलं.

"विल्फ! खाली उतर! विल्फ्रेड, खाली म्हटलं ना!" फ्लोरा ओरडली, आणि हसू लागली. "सॉरी हं, ग्लेन. बघा ना, अगदी म्हाताऱ्यासारखं तोंड आहे की नाही त्याचं? माझ्या आईने सुचवलं नाव. माणसाला ठेवायची हिंमत नाही व्हायची, पण कुत्र्याला काय गोड वाटतं!"

ह्यूगोही हसला. तो हसणारच. त्याला काय माहीत? फोनवर त्याने 'पिल्लू आणलंय' एवढंच सांगितलं होतं, आणि आजोबांचं नाव तर त्याला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेसीने तोंड उघडलं. ग्लेनने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांत त्याने तिला असा हात लावला नव्हता, आणि लावला तो गप्प करायला.

"तुम्ही काहीतरी सांगत होता," फ्लोरा म्हणाली.

"नाही गं पोरी. मॉन्टी चांगलं आहे."

दुपारभर ते कुत्रं त्याच्या पायाशी पडून होतं. कुणी बघत नाहीसं वाटलं तेव्हा त्याने वाकून त्याचे कान खाजवले आणि हळूच म्हटलं, "काय रे विल्फ." ट्रेसी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने ऐकलं.

परतीच्या गाडीत ती रडत म्हणाली, "मी सांगते त्याला. कुत्र्याचं नाव बदलतील ते."

"राहू दे," ग्लेन म्हणाला. "त्याला पाठ झालंय आता. हाक मारली की येतं."

मुलगा झाला. मॉन्टीच ठेवलं. फोटो आला, ट्रेसीने चौकट करून भिंतीवर लावला. रविवारी अजून फोन येतो, आणि आता एक नवीन झालंय. फोन वाजला की ग्लेन खुर्चीतून उठून दोन्ही हात पुढे करून उभा राहतो. ह्यूगोला फार आनंद वाटतो. "डॅडना आमच्या कुत्र्याचा काय लळा लागलाय!" असं तो आईला सांगतो.

ट्रेसी रिसीव्हर देते आणि रिकामी बादली उचलून मागच्या अंगणात येते. वाळत घालायला काही नसतं. मीही कुंपणाशी जाते. दोघी दोरीकडे बघत उभ्या राहतो, आणि आतून ग्लेनचा आवाज येतो, चांगला खणखणीत, क्लबातल्या त्या संध्याकाळनंतर मी ऐकला नव्हता तसा.

"विल्फ कसा आहे? खातो ना नीट? विल्फला फोनजवळ आण बघू जरा."