ताज्या हाराचं हॉटेल

वैजयंतीला विचारल्याशिवाय तिच्या बेलापूरच्या कचेरीतलं कुणी बाहेर जेवायला जात नसे. बदलून आलेला साहेब असो की निवृत्तीची पार्टी देणारा शिपाई, आधी तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. "मॅडम, कुठं जाऊ?" मॅडम पेन खाली ठेवायच्या, मटण खाणारे किती आणि उपासवाले किती ते विचारायच्या, आणि एकच नाव सांगायच्या. ते नाव आजवर कधी चुकलं नव्हतं. ही गोष्ट जगाला सांगायचं कामही मॅडम दुसऱ्या कुणावर सोपवत नसत.

तिची परीक्षा साधी होती. हॉटेलात शिरलं की मेनूकार्डाला हात लावायचा नाही, गल्ल्याच्या वर बघायचं. तिथं हॉटेल काढणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो हवा. फोटोपुढं उदबत्ती हवी, फोटोला हार हवा, आणि हार ताज्या फुलांचा हवा. प्लास्टिकचा हार दिसला की बाई उलट्या पावली बाहेर. "रोज सकाळी उठून बापाला ताजा हार घालणारा पोरगा गिऱ्हाइकाला शिळी भाजी वाढेल का?" असा तिचा सवाल. त्यावर उलट बोलायची तिच्या नवऱ्याची, श्यामसुंदरची, प्राज्ञा नव्हती. तो महाप्याच्या एका कारखान्यात दिवसभर मशीनचा आवाज ऐकायचा आणि घरी आल्यावर शांतपणे जेवायला मिळालं तर देवाचे आभार मानायचा.

पण जुईनगरच्या घरात हल्ली बंड झालं होतं. बारावी दिलेली उत्कर्षा आणि दहावीत गेलेला इंद्रजित, दोघांनी आईच्या नाकावरचा विश्वास काढून घेऊन फोनवर ठेवला होता. आईनं एखादं हॉटेल दाखवलं की उत्कर्षाचा अंगठा फोनवर फिरायचा. "थ्री पॉइंट टू. सॉरी आई, नो चान्स."

"अगं, त्या आकड्याला काय चाटायचंय? आत वास बघ ना!"

"वासाला रेटिंग नसतं, आई."

हे भांडण घेऊनच चौघं मे महिन्यात व्हिएतनामला निघाली. सोसायटीतली निम्मी बिऱ्हाडं तिकडं जाऊन टोकदार टोप्या घालून फोटो काढून आली होती, मग हे कसे मागं राहणार? हनोईत उतरल्यापासून जेवणाची सगळी सूत्रं पोरांच्या हातात गेली. पहिल्या दिवशी चार पॉइंट आठवाल्या हॉटेलबाहेर रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडले, आणि आत जाऊन मिळालं काय, तर साखर घातलेलं बटर चिकन. दुसऱ्या दिवशी चार पॉइंट नऊ. तिथं पिझ्झा. बरं, पिझ्झा खायचा होता तर वाशीला काय मेला होता का? तिसऱ्या दिवशी एका काचेच्या हॉटेलात ताटाएवढ्या बशीच्या मधोमध घासभर मासा आला. श्यामसुंदरनं तो एका घासात संपवला आणि आता जेवण कधी येणार म्हणून दाराकडं बघत बसला.

बाहेर आल्यावर वैजयंतीचा बांध फुटला. "एक जेवण! फक्त एक जेवण माझ्या मनासारखं. फोन पर्समध्ये, आणि माझ्यामागं गुमान चालायचं."

"आणि फसलं तर?" उत्कर्षानं विचारलं.

"फसलं तर यापुढं हॉटेल निवडायच्या भानगडीत मी पडणार नाही."

"सातारच्या रस्त्यावरचं पण नाही?" इंद्रजितनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. कराडला माहेरी जाताना गाडी कुठं थांबायची हे गेली वीस वर्षं वैजयंतीच ठरवत आली होती. तेवढं एक सिंहासन तिच्याकडं उरलं होतं.

"तिथलं पण नाही. आणि मी जिंकले, तर घरी पोचेपर्यंत जेवताना फोन बंद."

ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंती पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधून पुढं आणि तिघं मागं, अशी वरात जुन्या हनोईच्या गल्ल्यांतून निघाली. पाटीवरच्या अक्षरांशी तिला देणंघेणं नव्हतं. ती प्रत्येक दारातून आत डोकावायची, भिंतीच्या वरच्या बाजूला बघायची आणि मान हलवून पुढं जायची. उन्हानं सगळ्यांचे चेहरे लाल झाले. इंद्रजित "आई, यार" एवढंच म्हणत राहिला. आणि मग एका अरुंद बोळात ती थबकली.

दार सताड उघडं होतं. फूटपाथवर मोठाली पातेली चढवलेली, बाहेर ताडपत्रीखाली लाल प्लास्टिकची बुटकी स्टुलं, त्यावर माणसंच माणसं. दारात चपलांचा ढीग. आत समोरच्या भिंतीशी उंचावर एका म्हाताऱ्याचा मोठा फोटो, त्याच्यापुढं उदबत्त्यांचा धूर, फळं, आणि चक्क अख्खी उकडलेली कोंबडी. फोटोखाली टेबल टाकून एक माणूस बसला होता आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या हातात पाकीट देऊन मग जेवायला बसत होता.

"बघा!" वैजयंतीचा आवाज चढला. "हा गल्ला. पैसे आधी, जेवण मागून. आणि हे संस्थापक. आपण नुसता हार घालतो, यांनी नैवेद्याला अख्खी कोंबडी ठेवलीय. असली हॉटेलं आता राहिली नाहीत रे!"

"हार कुठंय पण?" उत्कर्षा म्हणाली.

"हाराची पद्धत नसेल. फुलदाणीतली फुलं बघ की, देठाला अजून पाणी आहे."

चौघांनी चपला काढल्या. चौघं आत शिरली तशा सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. एक सत्तरीची ठेंगणी बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं. वैजयंतीनं हात जोडून पोटावरून हात फिरवला. बाईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि तिनं चार माणसांना उठवून यांना आतली जागा दिली.

"सर्व्हिस बघा, परदेशी पाहुण्यांना पैसेसुद्धा आधी मागितले नाहीत," वैजयंती म्हणाली.

गाय नको, डुक्कर नको, हे सांगायचं काम इंद्रजितवर आलं. त्यानं दोन्ही कोपर हलवून कोंबडीचा आवाज काढला तेव्हा सगळी मंडळी खो खो हसली. एका काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारून हातानं मासा पोहवून दाखवला. मग जे वाढप सुरू झालं, ते थांबेचना. कोंबडी आली, आल्यातला मासा आला, केशरी रंगाचा चिकट भात आला, लसणीवर परतलेली पालेभाजी आली. ताट रिकामं दिसलं की मागून हात यायचा आणि घास पडायचा. "पुरे" ला तिथं कुणी जुमानत नव्हतं. श्यामसुंदरचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा सैल झाला. उत्कर्षानं तिसऱ्यांदा भात घेतला, मग हात धुवायला म्हणून उठली आणि बऱ्याच उशिरानं परत आली.

"मानलं, आई," ती म्हणाली. "तू जिंकलीस."

वैजयंतीनं नवऱ्याकडं असं बघितलं की त्यानं लगेच खिशातून पाकीट काढलं आणि गल्ल्यावरच्या माणसाकडं गेला. त्या माणसानं नोटा परत केल्या. श्यामसुंदरला वाटलं, कमी झाल्या. त्यानं आणखी घातल्या. माणूस दोन्ही हात हलवायला लागला. ढकलाढकली वाढली तशी ती ठेंगणी बाई आली, तिनं आपला फोन काढला, आधी यांची बडबड त्याला ऐकवली, मग त्यात दोन वाक्यं बोलली आणि फोन वैजयंतीच्या तोंडापुढं धरला. फोन सरकारी आवाजात मराठी बोलला, "आज माझ्या नवऱ्याला जाऊन एक वर्ष झाले. हे आमचे घर आहे. तुम्हाला आणखी कोंबडी पाहिजे का?"

"तरीच म्हटलं," श्यामसुंदर सावकाश म्हणाला, "मेनूकार्ड कसं नाही."

"अगं बाई! वर्षश्राद्ध!" वैजयंतीनं कपाळावर हात मारला. "आपण लोकांच्या वर्षश्राद्धाला घुसून भात मागून मागून खाल्ला!" धरणीनं पोटात घ्यावं तर खाली फरशी होती. इंद्रजितला हसू आवरेना आणि ठसका लागला. उत्कर्षा मात्र टाळ्या पिटायची तेवढी राहिली. "म्हणजे हॉटेल नाहीच! आई हरली!"

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गलका झाला. "अरे, यही है, यही है! फोटो में यही लाल स्टूल है!" सुरतेकडचं वाटणारं एक कुटुंब, लहानमोठे मिळून सातआठ जण, हातात फोन धरून ताडपत्रीखाली शिरत होते. उत्कर्षाचा चेहरा पांढराफटक पडला.

"उत्कर्षा," वैजयंती म्हणाली, "हात धुवायला गेलीस तेव्हा काय केलंस?"

"भारतीय टूरिस्टांच्या ग्रुपवर टाकलं," ती रडवेली होऊन म्हणाली. "लोकेशनसकट. फाइव्ह स्टार."

वैजयंतीनं एकदा लेकीकडं बघितलं, एकदा फोटोतल्या म्हाताऱ्याकडं. ओढणी आणखी घट्ट आवळली आणि दारात जाऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"बंद है."

"लेकिन अंदर तो लोग खा रहे हैं," पुढचे गृहस्थ म्हणाले.

"हॉटेल नहीं है. घर है. हमारे घर में श्राद्ध है."

"आपके घर में?"

"हां. वो हमारे आजोबा."

गृहस्थांनी बारीक डोळ्यांच्या, विरळ दाढीच्या त्या म्हाताऱ्याकडं बघितलं. मग कराडच्या वैजयंतीकडं बघितलं. बरंच काही विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं, पण दारातल्या बाईची नजर बघून त्यांनी ते गिळलं, हात जोडले, "भगवान आत्मा को शांति दे" म्हणाले आणि सगळा जथा वळवून घेऊन गेले.

शब्द एकही कळला नसला तरी ठेंगण्या बाईला सगळं कळलं होतं. तिनं उदबत्त्या पेटवून वैजयंतीच्या हातात दिल्या. वैजयंतीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ओळख ना पाळख, आणि या बाईनं आल्या पावली पान वाढलं होतं. तिनं पर्समधून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला. हाच डबा घेताना पोरांनी तिची टर उडवली होती. दोन लाडू तिनं कोंबडीशेजारी ठेवले. "आजोबा, चूकभूल पोटात घाला," ती म्हणाली आणि मागं वळून पोरांवर डोळे वटारले. दोघांनी मुकाट्यानं वाकून नमस्कार केला. उत्कर्षानं तिथंच उभ्या उभ्या ती पोस्ट काढून टाकली.

पण पैज ती पैज. हॉटेल नव्हतं म्हणजे आपण हरलो, हे वैजयंतीनं स्वतःच ठरवून टाकलं. परत आल्यावर कचेरीत सगळी गोष्ट रंगवून सांगितली, पण कुणी "मॅडम, कुठं जाऊ?" विचारलं की हात वर. "मी आता रिटायर." कराडला जाताना गाडी एका भिकार ढाब्यावर थांबली तरी ती खिडकीबाहेर बघत गप्प बसली. श्यामसुंदरला ती शांतता सोसेना.

जूनमधल्या एका रविवारी चौघं बेलापूरला जेवायला बाहेर पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलंच हॉटेलं.

"आई, कुठं जायचं?" उत्कर्षानं विचारलं.

"मला काय विचारतेस? फोनला विचार."

उत्कर्षानं फोन पर्समध्ये टाकला आणि एकटीच तरातरा पुढं गेली. एका हॉटेलात डोकावली, बाहेर आली. दुसऱ्यात डोकावली, नाक मुरडून बाहेर आली. तिसऱ्यात शिरली ती बराच वेळ आतच. शेवटी दारात येऊन तिनं तिघांना हात केला.

"चला. फोटो आहे, उदबत्ती आहे, हार मोगऱ्याचा, आजचाच," ती म्हणाली. मग आईजवळ येऊन हळूच म्हणाली, "आणि मी विचारून घेतलंय. हॉटेलच आहे."