थंड तारेचं माप

गेल्या मे महिन्यात दादा वहिनींना घेऊन मोर्शीहून अकोल्याला माझ्याकडे आला, छातीच्या डॉक्टरला दाखवायला. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, धूर काय नि वाफ काय, हात लावायचा नाही. दादानं मान डोलावली. घरी आल्यावर वहिनी आंघोळीला गेल्या, तसं त्यानं खिशातून वाफ ओढायचं ते बंदी असलेलं ई-सिगारेटचं यंत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

"तू सायन्सचा मास्तर ना बे? पाय बरं, हे जयकं काहून लागून राह्यलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तीस वर्षं दहावीला वीज शिकवलेला माणूस मी. बिघडलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात.

यंत्रात तापमापक नव्हता. आतल्या द्रवाची वाफ करणारी तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, एवढ्यावर सगळा कारभार. आधी थंड तारेचा रोध मोजून ठेवायचा, मग तो किती वाढला त्यावरून तार किती तापली हे ताडायचं आणि हद्द ओलांडायच्या आत वीज तोडायची. दादा मात्र जळकं लागलं की तारेची ती कॉइल काढून, गरम असतानाच पुन्हा बसवायचा. यंत्र बिचारं त्या गरम तारेलाच थंड समजे. मग पुढचं सगळं गणित चुकणार आणि द्रव शोषून घेणारा आतला कापूस जळणारच.

मी दादाजवळची नवी कॉइल दहा मिनिटं माठाच्या तिवईखाली ठेवली, मग बसवून माप घेतलं. दादाला एकेक पायरी समजावली, वर कागदावर लिहूनही दिली. त्यानं दम ओढला, डोळे मिटले.

"जमलं बे! आता नाई लागत."

मला चक्क आनंद झाला. त्याची लाज अजून वाटते.

वहिनी ओले केस पुसत दारात उभ्या होत्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "जयकं लागे म्हून आठ दिवस हात नोता लावला त्याईनं. मले वाटलं, सुटलं."

दादा यंत्र घेऊन बाहेर ओसरीत गेला होता; तिथे त्याला ढास लागली, तशा वहिनी पाणी घेऊन गेल्या.

चहा ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "थे पुन्हा बिघडवता येते का?"

बिघडवणं सोपं होतं. पण माझा कागद दादानं घडी करून डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत खिशात ठेवला होता, आणि माझं अक्षर पहिल्यापासून सुवाच्य.