बारीक आवाजाचा प्रीअँप

मैत्रेयी सदलगे सांगते की तिचा आवाज गेला नाही, बारीक झाला. 'गेला' म्हणणाऱ्याला ती तिथल्या तिथे दुरुस्त करते.

तिचं माहेर निपाणीचं. गेली अकरा वर्षं ती बेंगळुरूत आहे. एका बँकेसाठी बनणारं सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, आणि नवरा श्रीरंग याच्याबरोबर एचएसआर लेआउटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. पण ओळखीपाळखीत तिचं नाव होतं ते दुसऱ्याच कामामुळे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. नऊ पुस्तकं झाली होती. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. लग्नाआधी श्रीरंगने तिला पाहिलं नव्हतं तेव्हा फोनवर ऐकलं होतं, आणि नागपूरच्या आपल्या आईला सांगितलं होतं, "मुलगी उंच असणार." ती पाच फूट एक इंच निघाली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याशी थायरॉइडची गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, पण तिला चिकटून असलेली स्वरतंतूची एक शीर दुखावली. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. चार महिने ती वहीत लिहून बोलली. मग आवाज आला, पण वारा मिसळलेला. शेजारच्या खोलीत पोचत नसे. रिक्षा थांबवायला ती टाळी वाजवू लागली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक ओठांना लावून बोलू लागली, आणि गंमत म्हणजे लोक पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकू लागले.

याच सुमारास पुण्याच्या कंपनीतला निर्माता मल्हार याने एक रहस्यकथा वाचायला पाठवली. मैत्रेयीने घरच्या खोलीत नमुन्याची दहा पानं रेकॉर्ड केली. तिसऱ्या दिवशी मल्हारचा फोन आला.

"वाचन मस्तच झालंय. पण तुझा आवाज वर आणला की मागची सळसळपण वर येते. तपासणीत बसत नाहीये."

"मग?"

"एक सुचवू का? तुझी नऊ पुस्तकं आमच्याकडे आहेत. त्यावरून कॉम्प्युटर तुझा जुना आवाज तयार करू शकतो. तू फक्त परवानगी द्यायची. वाचायचे कष्टसुद्धा नाहीत. नाव तुझंच राहील."

मल्हार मनाने वाईट नव्हता, तो खरंच मदत करायला बघत होता. तेवढ्यासाठीच तिने राग आवरला.

"नको," ती म्हणाली. "ती सळसळ माझ्या गळ्यातली नाही, यंत्रातली आहे. मी तोंड मिटून रेकॉर्ड करून पाहिलंय, तेवढीच येते. मला दोन महिने दे."

हे तिने उगाच ठोकून दिलं नव्हतं. चूक नेमकी कुठे आहे ते शोधायचा तर तिला पगार मिळत होता.

अडचण अशी होती. तिच्या गल्लीत दिवसभर कुठे ना कुठे स्लॅबचं काम, ड्रिलिंग, कुत्री, डिलिव्हरीवाल्यांचे हॉर्न. नाजूक माइक लावला तर तो हे सगळं इमानदारीने टिपतो. म्हणून ती साधा, दणकट माइक ओठांशी धरून वाचायची. तो फक्त जवळचं ऐकतो, पण त्यातून निघणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो. तो मोठा करायचं काम प्रीअँपचं. पूर्वीच्या आवाजाला, माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या तिच्या तयार डब्यातला छोटा प्रीअँप पुरत होता. आता त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवावं लागे, आणि तिथे पोचला की तो स्वतःच सळसळायचा. तिला हवा होता हजार पट मोठं करणारा आणि तरीही गप्प राहणारा प्रीअँप.

चांगला प्रीअँप बाजारात मिळत होता. श्रीरंगने तीन नावंही काढून दिली. पण आत काय आहे ते कळल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, ही मैत्रेयीची सवय. तिने आठवडाभर इंटरनेटवरचे सर्किटचे नकाशे वाचले आणि ठरवलं, स्वतःच बांधायचा.

बांधायचा म्हटल्यावर तीन रस्ते दिसले. एकात सगळं काम एकाच चिपमध्ये होतं. दुसऱ्यात माइकचा संदेश आधी छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जातो, त्याने आवाजाला ऊब येते असं लोक शपथेवर सांगत. तिसऱ्यात सुटे ट्रान्झिस्टर निवडून, जोड्या जुळवून लावायचे. तिसरा तिने पहिल्याच दिवशी खोडला. "पहिल्यांदा करतेय," ती श्रीरंगला म्हणाली, "बिघडलं तर कुठे बिघडलं ते सापडलं पाहिजे." राहिले दोन. वाद वाचून त्यातला एक निवडणं तिला पटेना. दोन्ही बांधून बघायचं ठरलं. डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न तिने कधी हातात धरलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

एस. पी. रोडवरच्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराने तिला चामराजपेटला मल्लाप्पांकडे पाठवलं. मल्लाप्पा अडुसष्ट वर्षांचे, मूळचे सीमाभागातल्या भालकीचे. देवळांचे, भजनी मंडळांचे, लग्नाच्या हॉलचे माइक आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेलेली. दुकान दाराएवढंच रुंद. मैत्रेयीने कन्नडमध्ये सुरुवात केली. त्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी समोरचा रेडिओ बंद केला, मग पंखाही बंद केला.

"आता बोला अक्का. निपाणीकडच्या का? मग मराठीतच बोला की."

तिने हातातले दोन नकाशे पुढे ठेवले आणि काय हवं ते सांगितलं. मल्लाप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून नकाशे पाहिले.

"कोणासाठी करायचं हे?"

"माझ्यासाठी."

"करणार कोण?"

"मीच. तुम्ही शिकवलंत तर."

मल्लाप्पा हसले नाहीत. त्यांनी खालून एक जळका जुना बोर्ड काढून तिच्यापुढे टाकला. "याच्यावर शंभर डाख द्या. मग बघू."

तीन शनिवार ती सकाळी बसने चामराजपेटला जाऊन डाख देत बसली. पहिले वीस चिखलाच्या गोळ्यांसारखे झाले. "डाख चमकला पाहिजे अक्का," मल्लाप्पा म्हणत. "मळकट दिसला की समजा आतून धरलेलं नाही. घाई नको, स्वल्प थांबा, तार तापू द्या, मग शिसं आपणच पळत येतं." तिसऱ्या शनिवारी त्यांनी तिचा बोर्ड उजेडात धरला, बोटाने दोन तारा ओढून बघितल्या आणि कपाटातून अंगठ्याएवढा, पितळी डबीत बसवलेला एक ट्रान्सफॉर्मर काढून तिला दिला. भंगारात निघालेल्या एका जुन्या यंत्रातून त्यांनी तो कधीकाळी वाचवून ठेवला होता. "ट्रान्सफॉर्मरवालाच करा," ते म्हणाले. "चिप म्हणजे काय, सगळ्यांची सारखीच."

चिपवाला आधी तयार झाला. रविवारी सकाळी मैत्रेयीने हेडफोन लावले, बटण फिरवलं, आणि तिच्या कानात एक बाई कन्नडमध्ये साड्यांच्या सेलची जाहिरात करू लागली.

श्रीरंगने हेडफोन घेऊन ऐकलं आणि तो पोट धरून हसला. "अगं, तू रेडिओ बांधलायस!"

मैत्रेयीलाही हसू आलं, पण तिने मल्लाप्पांना फोन केला नाही. हा दोष तिला स्वतः पकडायचा होता. तिने एकेक गोष्ट बदलत तपासलं. केबल बदलली, जाहिरात चालूच. माइक काढला, चालूच. दुपारपर्यंत सापडलं. माइकच्या सॉकेटमधून अर्थिंगची तार म्हणून जी निघत होती, ती सगळ्या डब्याला वळसा घालून बोर्डाशी जात होती. तेवढी लांब तार म्हणजे अँटेनाच. तिने ती कापली आणि सॉकेटजवळच डब्याच्या पत्र्याला घट्ट जोडली. साड्यांची बाई गेली. मागे राहिली ती शांतता. ती ऐकून मैत्रेयीने खोलीतल्या खोलीत एक गिरकी घेतली.

ट्रान्सफॉर्मरवाला घुमत होता. त्याचा वीजपुरवठा वेगळ्या डब्यात काढून दूर ठेवला तेव्हा तोही गप्प झाला. विजेच्या मुख्य जोडण्या मात्र मल्लाप्पांनी स्वतः तपासल्याशिवाय तिला लावू दिल्या नव्हत्या.

मग परीक्षा. माइकच्या जागी एक रेझिस्टर, म्हणजे काहीच न ऐकणारा भाग, लावून तिने दोन्हींची नुसती सळसळ मोजली. चिपवाला थोडा जास्त शांत, पण पास दोघेही. रहस्यकथेचं एकच पान तिने दोन्हींवर वाचलं आणि ती दोन रेकॉर्डिंग घेऊन दुकानात गेली. कुठलं कोणतं ते सांगितलं नाही. मल्लाप्पांनी डोळे मिटून दोन्ही ऐकली, पुन्हा ऐकली.

"पहिलं," ते म्हणाले. "यात आवाज भरलेला आहे. गोल. वारा कमी वाटतो."

"तो तुमचा ट्रान्सफॉर्मर."

"मग? मी काय म्हणत होतो!" त्यांचा चेहरा खुलला.

"अण्णा, मी दुसरा ठेवणार आहे."

मल्लाप्पांनी हेडफोन काढले. "का? पहिल्यात तर तुम्ही बऱ्या झाल्यासारख्या वाटता."

"तेच तर. मी आजारी नाहीये. हा वारा आता माझ्या आवाजातच आहे. पहिल्यात तो झाकला जातो, आणि त्याच्याबरोबर शब्दांची टोकंही झाकली जातात. दुसऱ्यात 'स' आणि 'श' वेगळे ऐकू येतात. ऐका परत."

त्यांनी परत ऐकलं. पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. "सरी, ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "बांधणाऱ्याने ठरवायचं."

सात आठवड्यांनी मैत्रेयीने मल्हारला दोन प्रकरणं पाठवली. तपासणीत ती पहिल्या झटक्यात बसली. पण रहस्यकथा तोवर दुसऱ्या कुणाकडे गेली होती. मल्हारने ते ओशाळून सांगितलं आणि पुढे म्हणाला, "मी तुझी प्रकरणं सकाळी चालताना ऐकली. कुणी अगदी कानाशी बोलतंय असं वाटलं. आमच्याकडे एका परिचारिकेच्या आठवणी आल्यात, तीस वर्षं रात्रपाळी केलेली बाई. दोन जणांनी वाचून पाहिलं, भाषण दिल्यासारखं होतं. तू बघतेस?"

"बघते. पण करारात एक ओळ हवी. माझ्या रेकॉर्डिंगवरून, जुन्या किंवा नव्या, कॉम्प्युटरचा आवाज बनवायचा नाही."

"वकिलांना विचारावं लागेल."

"विचार ना. मी थांबते."

पंधरा दिवसांनी ती ओळ घातलेला करार आला. सव्वीस दुपारी वाचन चाललं. सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त तिला वाचता येत नाही, मग गरम पाणी, थोडी विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं. खाली स्लॅबचं काम चालू होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यातलं काही आलं नाही. एका प्रकरणात परिचारिका एका म्हाताऱ्या रुग्णाला झोप लागेपर्यंत त्याच्या शेताबद्दल विचारत राहते. तिथे मैत्रेयीने आवाज आणखी खाली नेला, जवळजवळ श्वासाइतका, आणि यंत्राने तोही सोडला नाही. पूर्वीच्या आवाजात हे आपल्याला जमलं नसतं, असं ती सांगते. नाइलाजाने मानून घेतलेलं समाधान हे नव्हे. तिने दोन्ही आवाजांत पुस्तकं वाचली आहेत, तिला ठाऊक आहे.

पुस्तक येऊन आता चार महिने झाले. मल्हारने पाठोपाठ आणखी दोन पाठवली आहेत. घरी रेकॉर्डिंग करणारे लोक हल्ली तिला विचारत असतात, कुठला प्रीअँप बांधू? गेल्या महिन्यात के. आर. पुरमहून सोनम नावाची एक मुलगी आली, लहान मुलांच्या गोष्टी सांगणारी, जिन्यातूनच ऐकू येईल असा खणखणीत आवाज. येताना सुट्या भागांची लांबलचक यादी घेऊन आली होती. मैत्रेयीने तिला माइकसमोर बसवलं, दोन वाक्यं बोलायला लावली आणि यादी घडी घालून परत दिली.

"तुला काहीही बांधायची गरज नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे आहे तो डबा पुरे. खिडकीला जाड पडदा लाव आणि उद्यापासून सुरू कर."